करंड्यातल्या टाचण्या

वसुधा गेल्याचं मला इंदूताईंनी कळवलं, आणि तेही त्यांच्याच पद्धतीनं. सकाळी साडेसहाला फोन वाजला. पलीकडून ना हुंदका, ना प्रस्तावना. "कमलबेन, वसुबेन गेल्या. सुरतेला फोन करावा लागला, ती माणसं गाडीनं निघालीत. तुम्ही त्यांच्या आधी पोचा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. या गोष्टीला आता दीड महिना होईल. त्या सकाळी मी रडले नाही, चहाही घेतला नाही. साडी बदलली, आरशासमोर उभी राहून रोजच्यासारखं कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं आणि रिक्षा करून बडोद्यातल्याच अकोट्याला, वसुधाच्या घरी निघाले. सुरतेच्या माणसांच्या आधी का पोचायचं हे मला पक्कं माहीत होतं. त्याच्या तीन आठवडे आधी वसुधानं माझ्याकडून तसा शब्दच घेतला होता.

सुरतेची माणसं म्हणजे तिच्या सासरची. लग्नानंतर सहा वर्षांनी ती नवऱ्याचं घर सोडून बडोद्याला आली, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. घटस्फोट मात्र झाला नाही. मी निघून आले, माझ्यापुरता निकाल लागला, कागदाची ज्याला गरज असेल त्यानं धावपळ करावी, असं ती म्हणायची. आणि तिच्या नवऱ्यानं, माधवरावांनीही, धावपळ केली नाही. त्यामुळे ते हयात असेपर्यंत आपल्या बायकांच्या लेखी ती सवाष्णच होती, मग कपाळाला तिनं घर सोडल्या दिवसापासून काही लावलेलं नसेना का. शेवटच्या भेटीत ती उशीला टेकून बसली होती. डायलिसिसच्या सुयांनी दंड काळेनिळे झालेले, आवाज मात्र तोच, समोरच्याला कामाला लावणारा. "मी त्याच्या आधी जाणार हे उघड आहे," ती म्हणाली, "मग ती माणसं हिरवी साडी घेऊन येतील आणि मला सजवतील. चाळीस वर्षं कपाळ मोकळं ठेवलंय, कमल. शेवटच्या अर्ध्या तासात ते भरू देऊ नकोस." मेल्यावर तुला काय कळणार आहे, असं मी मुद्दामच विचारलं. मला नाही कळणार, पण बघणाऱ्या बायकांना कळेल, त्या म्हणतील, बघा, शेवटी आलीच ठिकाणावर, असं ती म्हणाली. मी हो म्हटलं. हे करायचं कसं, ते मला अजिबात सुचलेलं नव्हतं.

तिच्या मृत्यूची बातमी स्थानिक वर्तमानपत्रात दोन ओळींत आली. त्यात तिला 'ज्येष्ठ समाजसेविका' म्हटलं होतं. वाचून मला हसूच आलं. समाजाची सेवा करायची तिला कधीच इच्छा नव्हती. समाज ज्या पायावर उभा आहे तो पाया उकरून बघायचा होता, आणि तोही घराच्या आतून, चुलीपाशी बसून. अशा बाईला काय म्हणतात याला वर्तमानपत्रात शब्द नसावा. म्हणून हे लिहायला घेतलंय.

माझी तिची ओळख झाली ती युनियनच्या कचेरीत. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझा नवरा दत्ता प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर आणि पक्का युनियनवाला. आम्ही तिथल्याच क्वार्टरच्या एका लायनीत राहायचो आणि मी मराठी शाळेत शिकवायचे. वसुधा एका खासगी कचेरीत टायपिस्ट होती. मराठी आणि गुजराती दोन्ही मशीनवर तिची बोटं सारखीच चालत, म्हणून युनियनची पत्रकं टाइप करायला संध्याकाळी येई. एकदा सभेत कामाच्या तासांवर जोरदार भाषण झालं. कोपऱ्यात मशीनपुढे बसलेल्या या बाईनं हात वर करून विचारलं, की कामगाराचे तास आठ, तर त्याच्या बायकोचे किती? सभेत हशा पिकला. पुढारी समजूतदारपणे म्हणाले, बेन, तो प्रश्न क्रांतीनंतर आपोआप सुटेल. "बरं," वसुधा म्हणाली, "क्रांतीच्या दिवशी पोळ्या कोण लाटणार आहे, तेवढं फक्त ठरवून ठेवा." दत्ता घरी येऊन मला हे रागानं सांगत होता आणि मी पोळ्या लाटत होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला शोधत गेले.

विद्यापीठातली एक मैत्रीण तिला परदेशातल्या बायकांचे इंग्रजी लेख आणून द्यायची. वसुधा ते मराठीत आणि गुजरातीत करायची, स्टेन्सिलवर टाइप करायची आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढायची. त्यातलं म्हणणं आज कुणाला फार नवं वाटणार नाही, पण तेव्हा माझी झोप उडाली होती. बाईच्या दुःखाचं मूळ फक्त मजुरीत किंवा कायद्यात नाही. ते स्वयंपाकघरात आहे, बिछान्यात आहे, मूल कुणाच्या नावानं ओळखलं जातं त्यात आहे. पुरुषाची सत्ता म्हणजे एखाद्या नवऱ्याचा वाईट स्वभाव नव्हे. ती एक रचना आहे आणि नवरा भला असला तरी ती चालू राहते. शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं, कारण माझा दत्ता भला होता. तो हात उगारायचा नाही, पगार हातात आणून द्यायचा, माझी नोकरी त्याला अभिमानाची वाटायची. पण तापानं फणफणलेली असतानाही भाजी मीच टाकायची, हे त्याच्या आणि माझ्या कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

तरीही मी तिच्याशी सहमत झाले नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. माझं म्हणणं असं, की आधी बाईच्या हातात पगार हवा, शाळा हवी, कायदा हवा, मग बाकीचं बघता येईल. ती म्हणायची, पगार तुझ्या हातात आहे, तरी दत्ता जेवायचा थांबला असेल म्हणून पावणेसातला पळतेस ना? मी म्हणायचे, तू तर लग्नच मोडीत काढायला निघालीस, मग उद्या या बायकांनी जायचं कुठं? विश्वामित्रीच्या पुलावरून सायकली हातात धरून चालत आम्ही यावर इतक्या वेळा भांडलो, की पुलावरचा शेंगदाणेवाला आमची पुडी न सांगता बांधायचा. एकदा तिनं माझ्या कुंकवावरून विचारलं, की हे तू स्वतःच्या आवडीनं लावतेस ना? मी म्हटलं, अर्थात. "मग उद्या दत्ता गेला तरी लावशील?" मी संतापून सायकलवर बसले आणि मागे न बघता घरी आले. जिवंत माणसाबद्दल असं बोलवतं कसं, या रागाआड मी लपले.

या कागदांच्या वाचनासाठी बायकांनी पुरुषांशिवाय एकत्र बसावं, असा वसुधाचा आग्रह होता. पुरुष खोलीत असला की बाई त्याला दुखवू नये म्हणून अर्धं सत्य गिळते, असं तिचं म्हणणं. दत्ता यावर पुष्कळ चिडला होता. पण खरी अडचण दत्ताची नव्हती. ज्या बायकांनी यायला हवं, त्यांना घरातून सोडणार कोण? तेव्हा मार्ग मी काढला. मी म्हटलं, आपल्या बायकांना पुरुषाशिवाय एकत्र जमायची सोय शंभर वर्षांपासून आहेच की. हळदीकुंकू! चैत्रातलं करा, श्रावणातल्या शुक्रवारचं करा, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं करा. कुठल्या सासूची छाती आहे नाही म्हणायची? वसुधानं आधी तोंड वाकडं केलं, पण तिला मोह पडला. आम्ही गुलाबी कागदावर आमंत्रणं छापली. तिच्याकडे लग्नातला दोन खणांचा चांदीचा करंडा होता. घर सोडताना साड्यांच्या घडीत चुकून आला होता आणि ती त्यात टाचण्या आणि खोडरबराचे तुकडे ठेवायची. हळदीकुंकवाच्या दिवशी मी टाचण्या वाटीत काढायचे, करंडा पुसून हळद आणि कुंकू भरायचे, आणि यजमानीण मीच व्हायचे. वसुधा तेवढा वेळ स्वयंपाकघरात पन्हं ढवळत बसायची.

अकोट्याच्या त्या दोन खोल्यांत अकरा-बारा बायका जमू लागल्या. पन्हं आणि आंब्याची डाळ झाली की दार लोटून वाचन सुरू व्हायचं, आणि जाताना प्रत्येकीच्या वाणाच्या वाटीखाली घडी करून एक कागद. त्यांत सुषमा नावाची एकोणीस वर्षांची नवी नवरी होती. बोलायची कमी, पण कागद सगळ्यांत आधी मागून घ्यायची. एकदा कुंकवात राहून गेलेली टाचणी तिच्या बोटाला टोचली तेव्हा ती इतकी हसली, की आम्हाला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. अशी दोन वर्षं गेली. मी स्वतःवर फार खूश होते. विद्यापीठातल्या विद्वान बायकांना जे जमलं नाही ते मी एका करंड्यावर जमवलं होतं.

आणि मग एका श्रावणी शुक्रवारी, वाचन रंगात आलेलं असताना, दारावर थाप पडली. उघडलं तर इंदूताई. माझ्याच लायनीत, माझ्यापासून चार दारं सोडून राहणाऱ्या. त्यांचा नवरा कारखान्यात अपघातात गेला होता आणि त्याच्या जागी त्यांना तिथं खलाशाचं, म्हणजे हाताखालच्या मजुराचं, काम मिळालं होतं. सुताराच्या हाताइतके राठ हात, कपाळ मोकळं, पदर डोक्यावर. हातात आमचाच सायक्लोस्टाइलचा कागद, त्यावर तेलाचा मोठा डाग. कुठल्याशा शेजारणीनं त्यात भजी बांधून दिली होती. इंदूताई सातवी शिकलेल्या. त्यांनी भजी खाल्ली आणि कागद वाचला होता. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी आमच्या बडोद्याच्या अर्ध्या गुजराती मराठीत विचारलं, "ह्या कागदात लखलंय, की बाईची किंमत तिच्या नवऱ्यावरून ठरवतात. लखलंय ना? मग मला आमंत्रण केम नाही?"

वसुधानं माझ्याकडे पाहिलं. लायनीतली आमंत्रणं मी वाटली होती, आठ दारं. खरं सांगते, इंदूताईंना वगळायचं असं मी ठरवलंसुद्धा नव्हतं. गुलाबी कागदांचा गठ्ठा घेऊन मी निघाले आणि माझे पाय आपोआप त्यांचं दार सोडून पुढे गेले. दोन वर्षं, दर वेळी. त्या रोज सकाळी डबा घेऊन माझ्या दारावरून जायच्या आणि मी त्यांना हसून 'केम छो' करायचे. ज्या बाईबद्दल आम्ही सगळे कागद वाचत होतो ती चार दारांवर राहत होती, आणि मी हळदीकुंकवाच्या शिरस्त्यानं तिला बाहेर ठेवलं होतं. दोन वर्षं वसुधानंही विचारलं नव्हतं की या बारा जणींत एकही विधवा कशी नाही. अशी चूक आमच्यासारख्या शहाण्या बायकाच करू जाणोत.

वसुधा उठली. तिनं करंडा उचलला, मोरीत नेऊन हळदकुंकू नळाखाली वाहून टाकलं, करंडा पदरानं पुसला आणि वाटीतल्या टाचण्या परत त्यात ओतल्या. मग इंदूताईंना आत घेऊन आपल्या जागेवर बसवलं आणि आमच्याकडे वळली. "आपण पुरुषाला खोलीबाहेर ठेवलं म्हणून खूश होतो," ती म्हणाली. "तो दारातच उभा होता. कुणाला आत सोडायचं ते तोच ठरवत होता." त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. उरलेली गुलाबी आमंत्रणं तिनं फाडली आणि नवं कार्ड टाइप केलं: 'शुक्रवार, दुपारी चार. ज्यांना यायचं त्या सर्व.' ते तिनं करंड्यातली टाचणी काढून स्वतःच्या दारावर लावलं.

पुढच्या शुक्रवारी चौघी आल्या. त्यातल्या दोघी वसुधा आणि मी. सुषमाच्या सासूनं सरळ विचारलं होतं, की हळदीकुंकू नाही, पूजा नाही, मग तिथं जायचं कशाला? थोड्याच दिवसांत सुषमाचं सासर बडोद्याजवळच्या पाद्रा गावी राहायला गेलं. मी वसुधाशी कडाडून भांडले. चूक माझी होती, कबूल; इंदूताईंना आत घ्यायचंच होतं, तेही कबूल; पण आवरण टाकून द्यायची काय गरज होती? नावाला हळदीकुंकू ठेवायचं आणि विधवांनाही बोलवायचं, एवढं सोपं होतं की. ती म्हणाली, एकदा विधवांना बोलावलं की कुठलीही सासू सुनेला पाठवणार नाही, तुलाही ते माहीत आहे. आणि जे दार इंदूताईंना बंद करून सुषमाला उघडतं, त्या दारातून मी कुणालाच आत घेणार नाही. मी म्हटलं, "तुझा विचार धुतल्यासारखा स्वच्छ राहिला, वसुधा, आणि ती पोर गेली." चार महिने आम्ही एकमेकींचं तोंड बघितलं नाही. पुलावर शेंगदाणेवाला विचारायचा, बीजां बेन क्यां, दुसऱ्या बेन कुठं? मी एकाच पुडीचे पैसे देऊन निघायचे.

समेट केला तो इंदूताईंनी. एका रविवारी त्या माझ्या क्वार्टरवर आल्या, मी दिलेला चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, शुक्रवारी या, वसुबेनला भांडायला माणूस मिळत नाही, मग त्या माझ्याशी भांडतात आणि मला सकाळी ड्यूटी असते. मग म्हणाल्या, की वसुधा दोनदा पाद्र्याला जाऊन आली. दोन्ही वेळा दार कुणी उघडलं नाही. हे वसुधानं मला कधी सांगितलं नव्हतं आणि पुढेही सांगितलं नाही. सुषमाचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. तिला दार उघडून बाहेर पडता आलं की नाही, तिनं ते कागद ठेवले की चुलीत घातले, काहीच ठाऊक नाही. आमच्या दोघींच्या वादात कोण बरोबर होतं, ते ठरवायला तीच एक पुरावा होती, आणि ती आमच्या हाती नाही.

मी परत गेले. शुक्रवार पुढे चाळीस वर्षं चालला. कधी तीन बायका, कधी वीस. इंदूताईंनी आम्हाला कधी सुखानं बसू दिलं नाही. एकदा 'सगळ्या बायकांचं दुःख एक' अशा अर्थाचा लेख चालू असताना त्यांनी विचारलं, की तुमची भांडी घासणारी मंगू शुक्रवारी चार वाजता कुठं असते? त्या दिवसापासून वसुधा स्वतःची भांडी स्वतः घासू लागली आणि मंगूच्या पगाराला तिनं हात लावला नाही. शुक्रवारी चार वाजता मंगू येऊन बसायची आणि वाचन ऐकता ऐकता हमखास डुलक्या घ्यायची. तिला झोपू द्या, वसुधा म्हणायची, तिला घरात झोपायला मिळत नाही, हाच आजचा विषय आहे. निवृत्त झाल्यावर इंदूताईंनी क्वार्टर सोडली तेव्हा वसुधानं त्यांना आपल्याकडेच आणलं. लोकांनी त्यावरही पुष्कळ बोलून घेतलं. दोघी म्हाताऱ्या सकाळी हिंचक्यावर झोके घेत पेपर वाचायच्या आणि एकमेकींचे चष्मे हरवायच्या.

तीन वर्षांपूर्वी दत्ता गेला. दहाव्या दिवशी गावाहून माझी थोरली जाऊ आली. तिचं माझ्यावर प्रेम आहे, हे आधी सांगते. ती ओला रुमाल घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, चल, कमल, एकदाचं होऊन जाऊ दे. माझं कपाळ आपोआप पुढे झालं. तेच माझे पाय, जे इंदूताईंचं दार सोडून गेले होते. आता कपाळाचंही तेच. तेवढ्यात वसुधा उठली आणि जाऊबाईंच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. पंचाहत्तरीची, काठी टेकत चालणारी बाई. आयुष्यभर ज्या कुंकवावरून तिनं मला पिडलं, त्याच्या राखणीला तीच उभी! "हे चिन्ह मला मान्य नाही, हे कमलला चांगलं माहीत आहे," ती जाऊबाईंना म्हणाली, "पण ते पुसायला येणारा हात मला त्याहून मान्य नाही. ठेवायचं की नाही, ते तिला विचारा." पुलावरचा तो प्रश्न मला पस्तीस-चाळीस वर्षांनी परत विचारला गेला होता. मी म्हटलं, राहू दे. जाऊबाई रडत बाहेर गेल्या. संध्याकाळी माझ्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं तेव्हा वसुधानं आरसा धरला आणि मी ते नीट करून घेतलं. तिचा चेहरा आरशामागे आंबट झालेला होता. एवढं मोठं कशाला लावतेस, निदान छोटं तरी लाव, असं ती पुटपुटली. त्या दिवसात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

...तर त्या सकाळी मी अकोट्याला पोचले. इंदूताईंनी वसुधाला तिची नेहमीची चॉकलेटी हातमागाची साडी नेसवून ठेवली होती. मी एका बाजूला बसले, इंदूताई दुसऱ्या. शेजारच्या गुजराती बायका, शुक्रवारच्या दोघी-तिघी, अशी खोली भरत गेली. अकराच्या सुमारास सुरतेची गाडी आली. माधवरावांना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून त्यांची बहीण कुमुदताई आणि तिच्या सुना आल्या होत्या. कुमुदताईंच्या हातात हिरवी साडी होती आणि ताटात हळद, कुंकू, बांगड्या, ओटीचं सामान. त्या खऱ्याखुऱ्या रडत होत्या. वहिनी घरात होती तेव्हा तिनं त्यांना इंग्रजी शिकवलं होतं. वहिनी भाग्याची, अहेव गेली, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि भोवतालच्या बायका माना डोलवत होत्या. वसुधानं जे सांगितलं होतं ते शब्द न शब्द समोर घडत होतं. मी मनातल्या मनात जुळवत होते, की आता उठून काय बोलावं, तिचा विचार या बायकांना पाच मिनिटांत कसा समजावावा. चाळीस वर्षांत मला पुरता न पटलेला विचार!

आणि कुमुदताई सरळ माझ्याकडे आल्या. त्यांनी मला आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना दिसलं माझं कपाळ आणि त्यावरचं रुपयाएवढं कुंकू. खोलीतली सर्वांत वयस्क सवाष्ण म्हणून त्यांनी ते ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, तुम्ही मोठ्या, पहिलं कुंकू तुम्ही लावा. ताट माझ्या हातात आलं. मी ते मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "कुमुदताई, माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली."

त्यांचा हात ताटाकडे आला आणि मध्येच थांबला. ताट विधवेच्या मांडीवर होतं. ते परत घ्यावं की घेऊ नये, हे त्यांना कळेना. त्या इंदूताईंकडे वळल्या. इंदूताई म्हणाल्या, "मी पण तशीच, बेन. पन्नास वर्षांपासून. अमे बे उठवानां नथी." आम्ही दोघी उठणार नव्हतो; वसुधाच्या उशाशी, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिच्या कपाळापर्यंत पोचायचं तर आमच्या अंगावरून हात न्यावा लागणार होता. सुना एकमेकींकडे पाहत होत्या, त्यातली कुणीही पुढे आली नाही. मग हे कुंकू कशाला लावता, असं कुमुदताईंनी दुखावलेल्या आवाजात विचारलं. मला आवडतं म्हणून, मी म्हटलं. आणि वहिनींचं? "तिला आवडत नाही म्हणून नाही. तिनं मला सांगून ठेवलंय, आणि मी तिला शब्द दिलाय." मग कुमुदताईंनी हिरवी साडी घडी न मोडता वसुधाच्या पायांशी ठेवली, पायांवर डोकं टेकलं आणि बाजूला जाऊन बसल्या. वसुधा तिच्या मोकळ्या कपाळानं घराबाहेर पडली. आम्ही दोघी स्मशानापर्यंत गेलो.

तिनं सांगितल्याप्रमाणे दहावं, तेरावं काही झालं नाही. शुक्रवारी मी अकोट्याला गेले. दोन वर्षांपूर्वीच वसुधानं घराचे कागद इंदूताईंच्या नावाचे करून ठेवले होते, त्यामुळे हिंचका, पुस्तकं, बंद पडलेला टाइपरायटर, सगळं जागच्या जागी होतं. करंडाही टेबलावरच होता, चांदी काळवंडलेली. इंदूताई म्हणाल्या, की त्या दिवशी निघताना कुमुदताईंनी तो पाहिला, सवाष्णीचं लेणं म्हणून आदरानं उघडला, आणि आतल्या टाचण्या पाहून तसाच मिटून ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, की आज चर्चेला विषय काय घ्यायचा. मी म्हटलं, विषय हाच, की मी त्या दिवशी केलं ते बरोबर होतं का. इंदूताई म्हणाल्या, चूक होतं. तुम्ही विधवेचा विटाळ दाखवून बायकांना लांब ठेवलं, वसुबेन म्हणाल्या असत्या की तू पुन्हा त्याच दारातून आत गेलीस. शिवाय 'आवडतं' आणि 'आवडत नाही' ही काय उत्तरं झाली? ते ऐकून वसुधा तिथल्या तिथे उठून बसली असती, हे मलाही मान्य आहे. पण तिचं कपाळ मोकळं राहिलं, मी म्हटलं. चाळीस वर्षांपूर्वी आवरणाचा मार्ग मी काढला होता, तो तेव्हा वाईट ठरला; या वेळी त्यानंच शब्द राखला. आता तिनं येऊन भांडावं.

पावणेचार झाले होते. मी करंडा उघडला, कुंकवाच्या खणातली एक टाचणी उचलली आणि पिवळं पडलेलं ते कार्ड घेऊन बाहेर गेले. 'शुक्रवार, दुपारी चार. ज्यांना यायचं त्या सर्व.' या कार्डाला मी जन्मभर मूर्खपणा म्हणत आले. ते मी दारावर, सुषमाच्या डोळ्यांना दिसेल एवढ्या उंचीवर, माझ्या हातानं लावलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि आम्ही दोघी भांडायला बसलो.